संधी कोणी दिली?

भिवंडीतल्या एका महाविद्यालयात गेल्या वर्षी वक्तृत्वस्पर्धा झाली. परीक्षकांत प्रस्तुत लेखकही होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जी तक्रार करायची आहे तिच्यातून मला स्वतःला वगळता येणार नाही. विषय होता, ‘संधी, कुटुंब आणि लोकसेवा : एका नेत्याची जडणघडण’. बावीस भाषणे झाली. त्यांतल्या निदान अठरांचा सांगाडा एकच होता. गरिबी, आई, रॉकेलचा दिवा, एखादे सहृदय गुरुजी, परीक्षेतला पहिला नंबर, मग शिखर, आणि शिखरावर पोचल्यावर समाजाच्या ऋणाची आठवण. नावे तेवढी बदलत होती. यशवंतराव चव्हाण होते, सुशीलकुमार शिंदे होते, नरेंद्र जाधव होते, आणि ‘सातासमुद्रापलीकडचे’ म्हणून श्री ठाणेदार होते.

एकोणिसाव्या क्रमांकावर एक मुलगी उभी राहिली. वडील साच्यावर, आई कांडीच्या मशीनवर. तिने कोणत्याही नेत्याचे नाव घेतले नाही. ती म्हणाली, ‘माझ्या आईला संधी मिळाली नाही असं मी म्हणणार होते. पण ती तिला कोणी द्यायची होती, ते मला कळलं नाही. मी चार पुस्तकं वाचली. त्यांत मिळाली एवढंच आहे.’ एवढे बोलून ती बसली. सात मिनिटांच्या भाषणाला दोन मिनिटेही झाली नव्हती. आम्ही तिला शेवटून दुसरी काढले. माझ्या शेऱ्यात ‘समारोप नाही’ असे शब्द आहेत. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

त्या दिवसापासून मी ती चार पुस्तके नव्याने वाचतो आहे, आणि माझ्या लक्षात आले आहे ते असे, की मुलीचा आक्षेप पुस्तकांवर जितका लागू पडतो त्याहून अधिक आम्हा शिकवणाऱ्यांवर लागू पडतो. मराठीत ‘संधी’ हा शब्द बहुतेक वेळा ‘मिळणे’ या क्रियापदाबरोबर येतो. त्याला संधी मिळाली, तिला मिळाली नाही. घेणारा चतुर्थीत उभा असतो आणि देणारा वाक्यात नसतोच. ‘देणे’ वापरले की कर्ता द्यावा लागतो, आणि कर्ता दिला की प्रश्न सुरू होतात. कोणी दिली, कोणत्या वर्षी, कोणत्या नियमाने, कोणाला वगळून? ज्यांचे पोट व्याकरणावर चालते त्या आम्हाला हे पहिल्या वाक्यातच दिसायला हवे होते.

‘कृष्णाकाठ’पासून सुरुवात करू, कारण या साऱ्या यशकथांचा कित्ता म्हणून आपण ते पुस्तक वापरतो. १९१३ साली देवराष्ट्रे गावी जन्म, लहानपणीच वडील गेलेले, आई विठाबाई आणि थोरले दोन भाऊ यांच्या खांद्यावर घर, कऱ्हाडची शाळा, १९३२ चा तुरुंगवास, कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्यात वकिलीचे शिक्षण, बेचाळीसची भूमिगत चळवळ. ‘तू कोण होणार’ या शिक्षकांच्या प्रश्नाला विद्यार्थी यशवंताने आपले स्वतःचेच नाव लिहून दिले, हा प्रसंग तर बावीसपैकी सात भाषणांत आला. पुस्तक उत्तम आहे. राजकारणी माणसाने इतक्या संयत मराठीत लिहिलेले दुसरे आत्मचरित्र मला चटकन आठवत नाही. पण ते कुठे थांबते हे वर्गात कोणी सांगते का? ते १९४६ पाशी थांबते. लेखक कऱ्हाड सोडून मुंबईच्या सचिवालयाकडे निघतो आणि पुस्तक संपते. पुढचे दोन खंड योजलेले होते. त्यांची ‘सागरतळी’ आणि ‘यमुनाकाठ’ ही नावेही ठरली होती. पहिला खंड १९८४ मध्ये आला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला चव्हाण गेले.

म्हणजे आपल्या हाती जे आहे ते त्या आयुष्याचे पूर्वार्धच. त्यात आई आहे, नदी आहे, जिद्द आहे. सत्ता नाही. जो भाग लिहून झाला नाही त्यातच या माणसाने संधी या शब्दाचे काय केले ते होते. १९५९-६० च्या सुमारास, मुख्यमंत्री असताना, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांपेक्षा कमी त्या घरच्या मुलांची फी सरकारने भरायची असा निर्णय त्यांच्या सरकारने राबवला. जात कोणतीही असो. ‘ई.बी.सी.’ ही तीन इंग्रजी अक्षरे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मराठी शब्दासारखी रुळली ती त्यामुळे. जो मुलगा विठाबाईंच्या कष्टांवर शिकला, त्याने ठरवले की पुढच्या मुलाला इतक्या असामान्य आईची गरज पडू नये. माझ्या मते त्या आयुष्याचा अर्थ या निर्णयात आहे. आम्ही मात्र पूर्वार्धाची आरती करतो आणि उत्तरार्ध शासकीय परिपत्रकांच्या गठ्ठ्यात पडू देतो, कारण परिपत्रकावर टाळ्या पडत नाहीत.

माझे स्वतःचे शिक्षण याच सवलतीवर झाले. दर जूनमध्ये वडील तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणत, आणि त्यासाठी दोन खेपा तरी होत. अठरा वर्षांच्या नोकरीत ‘सर, तुम्ही कसे शिकलात’ असे विद्यार्थ्यांनी विचारले की मी आईबद्दल बोललो आहे. दाखल्याबद्दल एकदाही बोललो नाही. आईबद्दल बोलताना डोळ्यांत पाणी येते आणि वर्ग शांत होतो. दाखल्याबद्दल बोललो असतो तर कदाचित वर्गातल्या एखाद्याने विचारले असते की सर, आता तो कुठे मिळतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी तर हा विषय असा टाळूच नये. साठनंतरच्या मराठी साहित्यात ज्या नव्या आवाजांचे आपण कौतुक करतो, ते आवाज काही केवळ प्रतिभेच्या जोरावर वर आले नाहीत. १९१९ मध्ये कर्मवीरांनी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था, १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० चे औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय, अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या, आणि ही ई.बी.सी. ही त्या साहित्याची भौतिक पार्श्वभूमी आहे. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत ती प्रस्तावनेत उरकली जाते आणि पुढची तीनशे पाने ‘अनुभवाची अस्सलता’ चालते.

आता ठाणेदारांकडे वळू. भिवंडीच्या वाचनालयांतही ‘ही श्रींची इच्छा’ची प्रत हाताळून हाताळून मऊ झालेली असते. १९५५ साली चिकोडीत जन्म, बेळगावात वाढ, वडील न्यायालयात कारकून, त्यांच्या निवृत्तीनंतर ओढगस्त, १९७९ मध्ये अमेरिका, रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग स्वतःचा उद्योग. सीमाभागातला मुलगा, त्यामुळे मराठी मनाला दुहेरी अभिमान. वाचक या पुस्तकातून जिद्द घेतो. घेवो बापडा. पण त्या प्रवासातल्या पायऱ्या एकदा मोजून पाहा. वडिलांचा सरकारी पगार. कर्नाटकातले आणि मग मुंबईचे विद्यापीठ, दोन्ही सार्वजनिक. भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी, तीही सरकारी. अमेरिकेत ॲक्रन विद्यापीठ आणि पुढे मिशिगन विद्यापीठ, दोन्ही तिथल्या राज्यांनी चालवलेली. आणि या सगळ्याच्या मुळाशी १९६५ चा अमेरिकेचा स्थलांतर कायदा, ज्याने आशियाई माणसांपुढचे बंद दार उघडले. तो कायदा झाला नसता तर बेळगावच्या मुलाची इच्छा श्रींनी कितीही मनावर घेतली असती तरी विमानतळावरच अडली असती.

गंमत पुढे आहे. हे पुस्तक निघाले तेव्हा कथा चढणीवर होती. २०१० मध्ये ठाणेदारांचा उद्योगसमूह कर्जात बुडून रिसीव्हरच्या ताब्यात गेला. त्यांनी पुन्हा उभारणी केली, ती विकली आणि ते राजकारणात उतरले. २०१८ मध्ये मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली, त्यात हरले. २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. २०१८ च्या त्या मोहिमेत ते काय मागत होते? सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा. तासाला किमान १५ डॉलर वेतन. म्हणजे जिद्दीचा हा मराठी आदर्श मतदारांपुढे उभा राहिला तेव्हा ‘जिद्द धरा’ एवढेच सांगून थांबला नाही; सरकारने काय द्यावे याची यादी घेऊन उभा राहिला. ही मागणी करताना त्यांनी प्रचारात स्वतःच्या खिशातून कोट्यवधींचा पैसा ओतला, हेही नोंदवले पाहिजे. लोकसेवेची संधी मिळवायला इतके धन लागत असेल तर ती कोणासाठी खुली आहे, हा प्रश्न त्यांच्या टीकाकारांनी तिथे विचारला आणि तो रास्त होता. पण आपण त्यांच्या राजकारणाला ना दाद दिली ना त्याची उलटतपासणी केली. आपण जिद्दीपाशीच थांबलो, कारण पुस्तक तिथे थांबते.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर त्याच देशातला आणखी एक माणूस आठवतो. हुलियन कास्त्रो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराचा महापौर, पुढे ओबामांच्या मंत्रिमंडळात गृहनिर्माणमंत्री. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात बीजभाषण करणारा तो पहिला लॅटिनो. आजी मेक्सिकोतून अनाथ पोर म्हणून आलेली, प्राथमिक शाळाही पुरी न केलेली, आयुष्यभर लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक आणि मुले सांभाळणे. त्या भाषणातही आमच्या बावीस भाषणांचा सगळा ऐवज आहे : संधी आहे, कुटुंब आहे, लोकसेवा आहे. प्रगती ही एकट्याची धाव नसून पिढ्यांची बॅटन-शर्यत असते, असा त्याचा मुद्दा होता. ऐकायला गोड, आणि तेवढ्यावर सोडले तर आपल्या वक्तृत्वस्पर्धेत पहिला नंबर.

पण कास्त्रोच्या कथेत दोन गोष्टी अशा आहेत ज्या आपल्या यशकथा गिळून टाकतात. पहिली, त्याची आई रोझी. ती नुसती सोसणारी माऊली नव्हती. मेक्सिकन-अमेरिकन हक्कांच्या चळवळीतली कार्यकर्ती होती, १९७१ मध्ये शहराच्या परिषदेची निवडणूक लढवून हरलेली. पोराच्या हाती आले ते आईच्या कष्टांइतकेच तिच्या संघटनेचेही फळ होते. दुसरी, कास्त्रोने महापौर असताना एका वर्तमानपत्राला सरळ सांगितले की त्याला आणि त्याच्या जुळ्या भावाला स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश मिळाला तो वंचित समाजांसाठीच्या विशेष धोरणामुळे. स्वतःचे बेताचे गुणही सांगितले. भर राजकारणात, राष्ट्रीय पातळीवर नाव होऊ लागले असताना! महाराष्ट्रात आरक्षणाने वा सवलतीने शिकलेला माणूस मोठा झाला की त्याच्यावर पहिले दडपण कशाचे येते? ते गुण झाकण्याचे. आणि हे दडपण आणणाऱ्यांत आम्ही प्राध्यापक आघाडीवर असतो, हे स्टाफरूममध्ये पाच मिनिटे बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. नावातच ‘आम्ही’ आहे. बाप दामोदर ओझरहून मुंबईला आलेला, पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेला, आणि बाबासाहेबांच्या चळवळीने ढवळून निघालेला. त्या बापाची जिद्द चळवळीतून आली आहे, पुस्तक तसे सांगतेही. तरी आमच्या स्पर्धेतल्या मुलाने काय सांगितले? रिझर्व्ह बँक, कुलगुरुपद, नियोजन आयोग, २०१६ मध्ये राज्यसभा. आंबेडकरांचे नाव एकदा, यादीत. चूक मुलाची नाही. त्याला आम्ही ‘प्रेरणादायी’ या एकाच चष्म्यातून वाचायला शिकवले आहे, आणि त्या चष्म्यातून चळवळ दिसत नाही, माणूसच दिसतो.

कुटुंबाचे तर विचारूच नका. पुस्तकात कुटुंब म्हणजे त्याग, तिकीटवाटपात कुटुंब म्हणजे वारस. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर होत्या, आणि सोलापुरात सुशीलकुमार शिंदे यांच्या कन्या निवडून आल्या. सोलापूरच्या न्यायालयात शिपाई म्हणून नोकरी करून शिकलेल्या माणसाने मुख्यमंत्रिपदापर्यंत जावे, ही गोष्ट खरी आणि मोठी आहे. त्यांच्या कन्येने आपल्या कर्तृत्वावर उभे राहू नये असेही कोणी म्हणणार नाही. पण त्याच न्यायालयातल्या आजच्या शिपायाच्या मुलीला त्या तिकिटाच्या रांगेत कुठे उभे राहायचे ते माहीत आहे का? चव्हाणांना मूलबाळ नव्हते. त्यांचा वारसा म्हणूनच कोणालाही सांगता येतो, आणि सगळेच सांगतात. असो.

एका सहकाऱ्याने मला अडवले. ‘तुम्ही पोरांच्या डोळ्यांतली आशा काढून घेता. साच्याच्या खडखडाटात बारा-बारा तास काढणाऱ्या बापाच्या मुलीला तुम्ही १९६५ चा कायदा सांगणार? तिला विठाबाई हवी.’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. अंधारात एखादा चेहरा लागतो हे मलाही कळते. पण भिवंडीतल्या मुलांना कष्टाळू आई शोधायला पुस्तक उघडावे लागत नाही. ती प्रत्येकाच्या घरी आहे. कष्टाने संधी येत असती तर हे शहर एव्हाना महाराष्ट्रातले सर्वांत सुखी शहर असते. अशा वर्गात ‘आईच्या कष्टांचे चीज झाले’ ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली, की ज्यांच्या आईच्या कष्टांचे चीज झाले नाही त्या पोरांना एकच निष्कर्ष उरतो : आपली आई कमी पडली, किंवा आपण. ती मुलगी दोन मिनिटांत याच निष्कर्षाशी झगडत होती.

या शहराकडे पाहिले तरी संधी या शब्दाचा भाबडेपणा उतरतो. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडचे मोमिन विणकर इथे आले, तेलंगणातले पद्मशाली आले, हातमागांचे यंत्रमाग झाले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या थंडावल्या आणि कापडाचे काम भिवंडीच्या साच्यांकडे वळले. शेठ लोकांच्या तोंडी ती ‘संधी’ होती. परळ-लालबागच्या चाळींत तिचे नाव बेकारी होते. इथल्या साच्यावरच्या माणसासाठी ती मीटरवर मोजली जाणारी मजुरी होती, डोक्यावर ना पेन्शन ना ग्रॅच्युइटी, आणि जेवण बिसीतले. एकाच घटनेला तीन नावे. ती तिन्ही एकाच निबंधात मांडणारा विद्यार्थी मला अजून मिळालेला नाही. तसा निबंध कधी मागितलाही नाही.

लोकसेवेचेही तसेच. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडी पेटली, मादन आयोग बसला. १९८४ मध्ये पुन्हा पेटली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी इथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या : हिंदू आणि मुसलमान दोघेही, बड्या पुढाऱ्यांऐवजी त्या-त्या गल्लीतली साधी माणसे, आणि नियमित बैठका. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी त्यावर पुस्तक लिहिले, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ शीर्षक प्रश्नार्थक आहे, आणि ‘मी’ नाही. बावीस भाषणांत, भिवंडीच्या महाविद्यालयात, भिवंडीच्याच मुलांच्या तोंडी, लोकसेवा या विषयावर या समित्यांचा उल्लेख एकदाही आला नाही. साऱ्या लोकसेवेला एक आई, एक गाव आणि एक पुतळा लागतो अशी आम्ही त्यांची समजूत करून दिली आहे. गल्लीतल्या बैठकीत सतरंजीवर बसलेल्या रिक्षावाल्याचे आत्मचरित्र निघत नाही, म्हणून तो लोकसेवक नव्हे.

माझी मागणी मोठी नाही. ‘कृष्णाकाठ’ शिकवा, पण त्याच्या शेवटच्या पानानंतर फी-सवलतीचा निर्णय वाचायला द्या. ‘ही श्रींची इच्छा’ वाचून झाले की मुलांना लेखकाच्या प्रवासातल्या सरकारी पायऱ्या मोजायला लावा. ‘आमचा बाप’वरच्या प्रश्नपत्रिकेत ‘बापाचे स्वभावचित्र रेखाटा’ याच्या शेजारी ‘बापाला ही भाषा कोणत्या चळवळीने दिली’ असा प्रश्न घाला. याने पुस्तके लहान होणार नाहीत. चव्हाण तर माझ्या लेखी मोठेच झाले आहेत.

यंदाच्या स्पर्धेसाठी विषय सुचवण्याचे पत्रक महिन्यापूर्वी फिरले. मी ‘बाराशे रुपये’ असा विषय लिहून दिला आहे. समितीकडून अजून उत्तर नाही. एका सदस्याने जिन्यात गाठून ‘हा अर्थशास्त्र विभागाचा विषय वाटतो’ एवढे कळवले. ती मुलगी आता तृतीय वर्षाला आहे. तिने या वर्षी नाव दिलेले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘सर, समारोप अजून सापडला नाही.’